कॉलेजची दुखणेकरीण

ज्या बाईच्या मनगटावर त्या सगळ्या भागातल्या नर्सेस नाडी बघायला शिकल्या, तिच्याच नवऱ्याचा जीव तिच्याच जिभेपायी जाता जाता राहिला, हे पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा कोणी खरं मानेना. नर्सिंग विभागाच्या मोठ्या बाईंनी फोन कानाशी धरून पुन्हा पुन्हा विचारलं, "कोण? आपल्या मावशी?" आणि मग उभ्या होत्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या.

कॉलेज म्हणजे घुमट आणि कारंजी असलेलं कॉलेज नव्हे. बस डेपोच्या मागे एक पिवळी इमारत आणि तिच्या पाठीला पत्र्याच्या शेडची रांग, एवढाच त्याचा थाट. सरकारी, सगळ्यांसाठी उघडं. वय विचारत नसत, मार्क विचारत नसत. दिवसा शाळा सुटलेली मुलं आणि संध्याकाळी कामावरून दमून आलेली माणसं एकाच बाकावर बसत. एका शेडमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या उडत, शेजारी केस कापायला शिकवत, वरच्या मजल्यावर नर्सिंग, आणि तळाशी ज्यांना आयुष्यभर अंगठ्यावर भागवावं लागलं अशा आजोबा-आज्यांचा अक्षरओळखीचा वर्ग. पदवीवाल्यांनी या कॉलेजला नाकं मुरडावीत आणि घरातला नळ फुटला की इथल्याच पोराला हाक मारावी, अशी रीत होती. त्या भागात दिवा गेला, बाळ आलं, म्हातारं माणूस पडलं, तर धावून येणारा माणूस याच फाटकातून बाहेर पडलेला असायचा.

आता शिकणारा कुणावर तरीच शिकतो. केस कापण्याच्या वर्गात बुधवारी फुकट केस कापून मिळत. गुरुवारी रस्त्यात वाकड्या भांगांची आणि एका बाजूला उडालेल्या कल्ल्यांची माणसं दिसली, की लोक समजत, नवी बॅच बसली. कोणी तक्रार करत नसे. उद्या हाच हात नीट बसणार आणि आपल्याच पोरांचे केस कापणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशी या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ताटं धुवायला होत्या. एकदा नर्सिंगच्या वर्गातल्या बाहुल्याचा हात खांद्यातून निखळला. हा बाहुला म्हणजे माणसाएवढा, डोळे मिटणारा, छाती वरखाली करणारा. परीक्षा तोंडावर आणि पेशंट लुळा. मोठ्या बाई कॅन्टीनमध्ये चहाला आल्या होत्या, त्यांनी हात पुसत उभ्या असलेल्या मावशींना विचारलं, जरा वेळ झोपाल का पलंगावर, आजाऱ्यासारखं? मावशी म्हणाल्या, झोपायला मिळतंय तर नाही कोण म्हणेल. आणि झोपल्या त्या अशा कण्हल्या, की तपासायला आलेली मुलगी रडत वर्गाबाहेर पळाली. त्या दिवसापासून त्या कॉलेजच्या दुखणेकरीण झाल्या. ताटं सुटली आणि कण्हणं पोटापाण्याचं झालं. ज्याच्या पदरी देव जी कला टाकेल ती!

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. मोठ्या बाईंनी प्रत्येक आजाराची प्रश्नोत्तरं बसवून दिलेली होती. मुलीनं विचारलं तेवढंच सांगायचं, न विचारलेलं पदरचं घालायचं नाही. आणि सगळ्यांना तंतोतंत तेच सांगायचं, नाहीतर एकीला सोपी परीक्षा आणि दुसरीला अवघड असा अन्याय व्हायचा. उत्तर देताना आठवत बसायचं नाही. प्रश्न पडला की उत्तर निघालं पाहिजे. मावशी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना पाठ म्हणत. तोंडात देवाचं नाव आणि डोक्यात पित्ताशयाचे खडे, असं त्यांचं सकाळचं चाले.

सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत घोटलेलं सोंग होतं ट्रकवाल्याच्या बायकोचं. त्यात पलंगावर दुरुस्त झालेला बाहुला नवरा म्हणून झोपायचा, छातीत कळ आलेला, आणि मावशी उशाशी बसायच्या. मुलगी यायची, बाहुल्याची नाडी बघायची आणि मावशींना विचारायला लागायची. वय? बावन्न. काम? ट्रक चालवतात. पूर्वीचं काही आजारपण? काही नाही हो, कधी डोकंसुद्धा दुखलं नाही, लहानपणी गालगुंड झाले होते तेवढेच. कुठून रक्त वगैरे गेलं होतं का? नाही हो, रक्त कशाला जाईल. हा शेवटचा प्रश्न म्हणजे परीक्षेतला सापळा होता. जी विचारायला विसरेल ती नापास. कारण रक्ताची गुठळी विरघळवायचं जालीम इंजेक्शन देण्याआधी हे विचारलं नाही, तर एखाद्याचा आतल्या आत रक्तस्राव होऊन जीव जाईल. कितीतरी मुली या प्रश्नावर आपटल्या आणि पुढच्या खेपेला पास झाल्या. गालगुंड तर त्यांच्यात चेष्टेचा शब्द होऊन बसला होता. लग्नाच्या मुलाची चौकशी करतानाही त्या एकमेकींना विचारत, गालगुंड झालेत का त्याला?

मावशींचा खरा नवरा ट्रकवाला नव्हता. कॉलेजच्या फाटकासमोर त्यांची किल्ल्या करून द्यायची टपरी होती. लोक त्यांना किल्लीवाले काका म्हणत. सरळ, मिश्कील माणूस. घरी मावशींची उत्तरं तेच म्हणून घेत आणि तेच खोड्याही काढत. मध्येच पोट धरून वाकत, डोळे पांढरे करत, आणि मावशी म्हणत, हात वर धरलात, खाली धरा, अपेंडिक्स खाली असतं. हे नवराबायकोचं रोजचं होतं. शेजारीण म्हणायची, तुमच्या घरात एवढी दुखणी आणि औषधाचा वास कसा तो येत नाही?

त्यात एक दुखणं मात्र खरं येऊन गेलं होतं. आदल्या महिन्यात काका बहिणीच्या गावी गेले असताना त्यांना रक्ताची उलटी झाली. कंबर धरते म्हणून गोळ्या खाऊन खाऊन पोटात जखम झालेली. तिकडच्याच दवाखान्यात राहिले, रक्त चढवलं, बरे होऊन आले. आल्यावर त्यांनी विषय काढू दिला नाही. मावशींनीही देवाचे आभार मानले आणि झालं गेलं मनाच्या तळाशी लोटलं. वाईटाचा उच्चार करू नये, असं त्या मानत.

परीक्षेच्या आदल्या दिवसाची गोष्ट. दुपारी काका टपरीवरून जेवायला आले. मावशी ताट वाढता वाढता ट्रकवाल्याच्या बायकोचं पाठ म्हणत होत्या. काका बसले, घास हातात घेतला, ठेवला. छातीवर हात नेला.

"अगं, जीव घाबरा होतोय," ते म्हणाले.

मावशी हसल्या. वळूनही न पाहता त्यांनी सांगितलं की चेहरा बरा जमला असेल, पण आवाज अजून पडायला हवा. "आणि घाम कुठाय?" मावशी म्हणाल्या. "घामाशिवाय मोठ्या बाई अर्धे मार्क कापतील."

मग त्या वळल्या. काकांच्या हनुवटीवरून थेंब टपकत होता. सदरा पाठीला चिकटला होता. ओठांचा रंग राखेसारखा. सगळी सोंगं आणता येतात, पण घामाचं सोंग कुणाला आणता येत नाही, हे मावशींइतकं कोण जाणत होतं! त्यांच्या हातातला डाव सुटला आणि क्षणभर त्यांना स्वतःलाच कळेना आपण घरात आहोत की वर्गात.

त्यांनी फोन लावला. रुग्णवाहिकेच्या कचेरीत फोन घेणारा मुलगाही कॉलेजचाच. त्याच्या शिक्षणात सरावाचे फोन असायचे आणि तिकडून रडणारी बाई म्हणजे बहुतेक वेळा मावशीच असायच्या. नियम एवढाच, की सरावाचा फोन असला तर पहिला शब्द 'सराव' म्हणायचा, म्हणजे खरी गाडी निघत नाही. मुलाने आवाज ओळखला आणि त्याच्या बोलण्यात हसू आलं. मावशी, आज कुठला आजार, असं काहीसं तो म्हणाला, आणि मग म्हणाला, "पण तुम्ही सराव म्हणालाच नाहीत."

"म्हणाले नाही," मावशी म्हणाल्या. "कारण सराव नाही."

तो मुलगा बोलला ते वेगळ्याच आवाजात. पत्ता त्याने विचारला नाही, किल्लीवाल्या काकांचं घर त्याला माहीत होतं.

गाडी आली. उचलणारे ओळखीचे, चालवणारा ओळखीचा. सगळे मावशींच्या अंगावर पट्ट्या बांधून शिकलेले. कोणी एक शब्द वावगा बोललं नाही, पण प्रत्येकाच्या तोंडावर एकच भाव होता. जणू देवळातल्या मूर्तीला ताप आला होता. मावशी गाडीत काकांच्या उशाशी बसल्या. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, वय बावन्न, ट्रक चालवतात. त्यांनी पदराने ओठ घट्ट दाबून धरले. पुन्हा देवाचं नाव घ्यायला गेल्या. पुन्हा तेच. आयुष्यभर ज्याचं नाव घेतलं त्याचंही नाव जिभेवर येईना, याची त्यांना त्या घटकेला जितकी भीती वाटली तितकी आधी कशाचीच वाटली नव्हती.

भागातल्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, बाहेरून बदलून आलेला, कॉलेजचा नव्हे. त्याने छातीला तारा लावून कागद काढला, पाहिला आणि सांगितलं की रक्तवाहिनी बंद झालीय, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं, वेळ दवडायचा नाही. त्याच्या बाजूला एक नर्स होती, जाड काचांचा चष्मा लावणारी. ती औषध भरायला लागली. डॉक्टर मावशींकडे वळला.

वय, त्याने विचारलं.

"बावन्न," मावशी म्हणाल्या. काका अठ्ठावन्नचे होते.

काम?

"ट्रक चालवतात."

उत्तरं फटाफट निघत होती. ना अडखळणं, ना रडणं. डॉक्टरला वाटलं असेल, काय खंबीर बाई आहे. मावशींना मात्र आपण बोलतोय याचा पत्ताच नव्हता. त्यांचे डोळे काकांच्या पांढऱ्या पडलेल्या नखांवर होते आणि जीभ एकटीच चालली होती, टपरीवरचं किल्ल्या घासायचं चाक पायटावरून पाय काढल्यावरही काही वेळ फिरत राहतं तशी. पूर्वीचं काही आजारपण, डॉक्टरने विचारलं.

"काही नाही हो. कधी डोकंसुद्धा दुखलं नाही. लहानपणी गालगुंड झाले होते तेवढेच."

चष्मेवालीचा हात थबकला. तिने मान वर केली.

कुठून रक्त वगैरे गेलं होतं का, डॉक्टर विचारत होता.

"नाही हो, रक्त कशाला जाईल."

डॉक्टरने सुईसाठी हात पुढे केला. चष्मेवालीने सुई दिली नाही. ती म्हणाली, डॉक्टर, थांबा. डॉक्टर चिडला. एकेक मिनिटाचं मोल आहे, म्हणाला. ती जागची हलली नाही. सुई ट्रेमध्ये ठेवून ती पलंगाला वळसा घालून आली आणि तिने मावशींचे दोन्ही खांदे धरले.

"मावशी, माझ्याकडे बघा. काका काय काम करतात?"

"ट्रक चालवतात."

"मावशी, काका किल्ल्या करतात. माझ्या घराची किल्ली त्यांनी करून दिलीय. हे जे तुम्ही सांगताय ना, ते आमच्या परीक्षेतलं उत्तर आहे. मी यावर नापास झालेय मावशी, मला एकेक शब्द पाठ आहे. हा तो बाहुला नाही. हे काका आहेत."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. आणि तिथे असलेल्या माणसांच्या कानांतून अजून गेलेला नाही, असा एक आवाज त्यांच्या घशातून निघाला. वर्गात त्या हजार तऱ्हांनी कण्हल्या असतील, पण असा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता, कारण तो काढता येत नाही. चष्मेवालीने घाई केली नाही. खांदे धरून ठेवले आणि एवढंच पुन्हा विचारलं, रक्त गेलं होतं का.

"उलटी," मावशी म्हणाल्या. "रक्ताची. गेल्या महिन्यात. नणंदेकडे. रक्त चढवलं त्यांना. देवा, मी काय सांगत होते... मी काय सांगत होते!"

डॉक्टरने सुईवर झाकण बसवलं. त्याच्या कपाळावर आता काकांच्यासारखाच घाम आला होता. ते औषध गेलं असतं तर पोटातली ओली जखम उघडून पडली असती, आणि छातीतून वाचलेला माणूस पोटातून गेला असता, हे त्याने तेव्हा सांगितलं नाही, मागाहून सांगितलं. त्या वेळी तो फक्त फोनकडे धावला. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात मांडीतून तार घालून रक्तवाहिनी उघडतात, तिकडे पाठवायचं ठरलं. त्याच गाडीत काकांना पुन्हा घातलं. चष्मेवाली आपली पाळी दुसरीवर सोपवून सोबत बसली. वाटेत तिने मावशींना काहीही विचारलं नाही. जे विचारायचं ते काकांना विचारलं, तेही शुद्धीवर आहेत का, एवढंच.

शहरातल्या दवाखान्याच्या ओसरीत मावशी बसून होत्या. मोठ्या बाई मिळेल त्या वाहनाने आल्या. त्या आल्या तशा मावशींच्या शेजारी बसल्या, बंद दारासमोर. मग मोठ्या बाई म्हणाल्या की चूक माझी आहे, आठवू नका, थांबू नका, हे मीच तुम्हाला शिकवलं. मावशी म्हणाल्या, तुम्ही बाहुल्यासाठी शिकवलंत बाई, मी माणसाला लावलं. माणसं वाचवायला शिकवायचं म्हणून जे रोज घोटून घेतलं, तेच माणसाच्या गळ्याशी येऊन उभं राहिलं, हे मोठ्या बाईंच्या पचनी पडत नव्हतं. चष्मेवाली पलीकडे भिंतीला टेकून उभी होती.

दार उघडलं. वाहिनी उघडली होती. पुढचे काही दिवस जपायचं, असं सांगून डॉक्टर गेले. मावशींनी हात जोडले ते नक्की कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. देव कुणाच्या रूपाने उभा राहील याचा नेम नसतो म्हणतात. त्यांच्यापुढे तो जाड काचांचा चष्मा लावून, एकदा नापास होऊन उभा राहिला होता.

आत सोडलं तेव्हा काका उशाला टेकून होते. तोंड उतरलेलं, पण डोळ्यांत जुना मिश्कीलपणा थोडा परतलेला. ते काहीतरी चेष्टेचं बोलायला गेले. मावशींनी हात वर करून त्यांना थांबवलं. स्टूल ओढून त्या पलंगाशी बसल्या, वर्गात बसत तशा नव्हे, मुली बसत तशा, तोंड पेशंटकडे करून.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी विचारते, तुम्ही सांगा. खरं खरं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि एका न जन्मलेल्या ट्रकवाल्याच्या लहानपणचे गालगुंड आपल्याला माहीत आहेत, पण या माणसाच्या लहानपणचं काय माहीत आहे, असा प्रश्न ओसरीत बसल्यापासून त्यांना खात होता. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. लहानपणी काय झालं होतं? काकांनी आठवून आठवून सांगितलं. कांजिण्या. झाडावरून पडून मोडलेलं मनगट. मनगटाचं मावशींना ठाऊक नव्हतं. कंबर कधीपासून धरते? पोटात दुखत होतं ते किती दिवस लपवलंत? काका सांगत गेले, आणि मावशी प्रत्येक उत्तरानंतर थांबत राहिल्या, ऐकलेलं आत उतरेपर्यंत.

मग त्यांनी सासऱ्यांचं विचारलं. सासरे त्यांच्या लग्नाआधीच गेलेले. झोपेत गेले, असंच त्या ऐकत आल्या होत्या, आणि पुण्यवान मरण म्हणून इतरांना सांगतही आल्या होत्या.

काका छताकडे पाहत राहिले.

"झोपेत नाही गेले," ते म्हणाले. "छातीनंच गेले. कामावर. माझ्याहून लहानच होते तेव्हा. आईनं घरात बोलू दिलं नाही, मग मीही नाही बोललो. तुला उगाच घोर नको म्हणून."

एवढी मोठी गोष्ट या घरात इतकी वर्षं मावशींच्या शेजारी झोपत होती, जेवत होती, त्यांची उत्तरं पाठ म्हणून घेत होती. पण त्या उठल्या नाहीत, रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी काकांचा हात हातात घेतला.

"आणि तुमच्या आईंना काय होतं?" त्यांनी विचारलं.